घशात अडकलेली काडी

मला जुना म्हणा, माझी काही हरकत नाही. जो तयार झाला तो कधी ना कधी जुना होणारच. पण मला बिघडलेला म्हणालात, तर मात्र मी ऐकून घेणार नाही. मित्रांनो, मी एका लहानशा पांढऱ्या मोटारीचं चावीचं कुलूप आहे. गॅरेजवाले मला इग्निशन लॉक म्हणतात. घरातले लोक तर माझं नावच घेत नाहीत, ते फक्त चावीबद्दल बोलतात. चावी कुठे आहे, चावी दे, चावी हरवली, चावी सापडली! ती चावी ज्याच्यात फिरते त्याची आठवण ती फिरेनाशी झाल्यावरच होते, आणि तीही शिव्या घालण्यासाठी.

गेल्या वर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत माझ्यावर जे बालंट आलं, ते मी तुम्हाला सांगणार आहे. मला त्याचा राग आलेला आहे आणि तो मी लपवणार नाही.

आधी माझी थोडी ओळख करून देतो. बाहेरून पाहिलं तर मी बोटभर लांबीचं साधं नळकांडं आहे. स्टेअरिंगच्या खाली, चालवणाऱ्याच्या उजव्या गुडघ्याच्या जरा वर बसलेला असतो. माझ्या आत मात्र पितळेच्या नाजूक पत्र्या ओळीने बसवलेल्या आहेत. प्रत्येक पत्रीची उंची वेगळी. माझी चावी आत आली की तिच्या दातांवर या सगळ्या पत्र्या एका रेषेत येऊन बसतात, आणि मगच मी फिरतो. एखादी पत्री केसभर जरी वर राहिली तरी मी फिरत नाही. लोक याला अडेलपणा म्हणतात. अहो, परक्या चावीने फिरलो असतो तर गाडी केव्हाच चोरांनी नेली असती! चावी काढली की स्टेअरिंग अडकवून ठेवायचं कामसुद्धा माझंच. चोर काच फोडेल, दार उघडेल, पण गाडी वळवू शकणार नाही. इतकी वर्षं ही राखण केली, त्याबद्दल मला कोणी कधी शाबासकी दिली नाही. मी मागितलीही नाही.

खोटं कशाला बोलू? एका माणसाने दिली होती. त्यांचं नाव नवनाथराव.

नवनाथराव सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि सिडकोत राहायचे. गाडी नवी कोरी असताना तेच तिला घरी घेऊन आले. यंत्राशी कसं वागायचं हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. चावी लावण्याआधी ते ती शर्टाच्या बाहीला पुसायचे. रोज, न चुकता. एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे लताबाईंनी, हौसेने घराची, कपाटाची, गच्चीची अशा सगळ्या चाव्या एकाच कडीत ओवल्या. नवनाथरावांनी त्या तिथल्या तिथे सोडवल्या.

"लता, अगं एवढं ओझं त्याच्या गळ्यात लटकवलंस तर आतून झिजेल ना बिचारा."

मला बिचारा म्हणाले! ते ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. लताबाई हसल्या आणि त्यांनी माझ्या चावीला फक्त क्रोशाने विणलेलं एक छोटं लाल फूल बांधलं. त्या शिवणकामाचे क्लास घ्यायच्या आणि हातात सदा क्रोशाची सुई असायची. ते फूल आता विटून गुलाबी झालं आहे, पण अजून चावीलाच आहे.

दसऱ्याला तर आमचा थाट असायचा. नवनाथराव गाडी धुऊन पुसून लख्ख करायचे, झेंडूचा हार घालायचे, चाकांखाली लिंबं ठेवायचे. उदबत्ती लावायला ते घरातून अर्धा बटाटा आणायचे. तो बॉनेटवर पालथा ठेवायचा आणि त्यात उदबत्ती खोचायची. राख पडली तर बटाट्यावर पडेल, गाडीवर नाही. हळदीकुंकवाचं बोट स्टेअरिंगला लागायचं, डॅशबोर्डला लागायचं, पण माझ्याजवळ आलं की ते हात आखडता घ्यायचे. "ह्याला लांबूनच नमस्कार," असं म्हणायचे. खरी पूजा ती! ज्याचं काम ज्यामुळे अडेल ते त्याच्या अंगाला लावायचं नाही, एवढं ज्याला कळतं त्यानेच पूजेचं ताट हातात घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

निवृत्त झाल्यावर नवनाथरावांनी लताबाईंना गाडी शिकवली. पाथर्डी फाट्याच्या पुढे तेव्हा बराच मोकळा रस्ता होता. लताबाईंचे केस तोवर पांढरे व्हायला लागले होते. क्लच सोडताना गाडी उंदरासारखी उड्या मारायची आणि बंद पडायची. नवनाथराव एकदाही ओरडले नाहीत. "परत चावी फिरव," एवढंच म्हणायचे. मी परत फिरायचो. त्या महिन्यात मी जितका फिरलो असेन तितका एरवी वर्षभरात फिरलो नसेन, पण मी एक दिवसही कुरकुर केली नाही.

नवनाथराव गेले आणि चावी लताबाईंकडे आली. तीच चावी पदराच्या टोकाला पुसून लावायची सवयही त्यांच्याकडे आली. गाडी हे त्यांच्यासाठी नुसतं वाहन राहिलं नाही. त्यांचं माहेर देवळ्याला. थोरले भाऊ झुंबरदादा तिथे मळ्यात राहतात, त्यांचे गुडघे गेलेले, ते कुठे येऊ-जाऊ शकत नाहीत. लताबाईंच्या मनात आलं की त्या सकाळी चावी घेत, पिंपळगाव मागे टाकत, सोग्रस फाट्याला वळत आणि जेवणाच्या वेळेला भावाच्या ओट्यावर हजर होत. कोणाला विचारायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही. भाऊबीज तर त्यांनी एकदाही चुकवली नाही. सासरी-माहेरी आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या सोबतीने जाणाऱ्या बाईला स्वतःहून निघता येणं म्हणजे काय, ते माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. त्या निघण्याची सुरुवात माझ्यापासून होत होती.

आता अमोलबद्दल सांगतो. अमोल हा लताबाईंचा मुलगा. मनाने वाईट नाही, हे मी रागात असूनही मान्य करतो. पण त्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःची मोठी काळी गाडी घेतली आणि तिला चावी लावावीच लागत नाही. चावी खिशात ठेवायची आणि बटण दाबायचं. बस! त्या गाडीत माझा भाऊबंदच नाही. त्यामुळे कुलपाशी कसं वागायचं हे अमोल साफ विसरून गेला. बापाच्या मांडीवर बसून त्याने ते सगळं पाहिलं होतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी लताबाई गल्लीत पूजेला गेल्या होत्या. अमोलने मुहूर्त टळू नये म्हणून पूजेचं ताट घेतलं. त्याच्या कंपनीतून केवड्याच्या उदबत्त्यांचा एक भलामोठा पुडा भेट आला होता. एरवी आमच्या घरात चंदनाचीच उदबत्ती लागते. त्याने आधी स्वतःच्या गाडीच्या एसीच्या जाळीत एक केवड्याची उदबत्ती खोचली. मग आमच्या गाडीत डोकावला. एसीची जाळी कधीचीच तुटलेली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. हातात पेटलेली उदबत्ती, दुसऱ्या हातात ताट, आणि खिशात फोन वाजायला लागलेला.

"तेजल, उदबत्ती कुठे खोचू?" त्याने बायकोला हाक मारली.

तेजल घरातून म्हणाली, "बटाटा देऊ का चिरून?"

"राहू दे, इथे भोक आहे," अमोल म्हणाला.

भोक! मित्रांनो, मला भोक म्हणाला तो. आणि पुढच्याच क्षणी ती उदबत्ती माझ्या तोंडात खोचली!

मी किती ओरडलो. पण कुलपाचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? केवड्याचा धूर डॅशबोर्डभर झाला, राख माझ्या ओठांवर पडली. अमोल फोनवर बोलत अंगणात फेऱ्या मारत होता. बोलणं झाल्यावर आला, नमस्कार केला आणि उदबत्ती खस्सकन तिरकी ओढली. बांबूची काडी ती. कट्ट आवाज झाला आणि तिचं टोक माझ्या घशात राहिलं. अमोलने हातातली अर्धी काडी झेंडूच्या पाकळ्यांबरोबर गोळा करून टाकून दिली. तिची लांबी कमी झाली आहे हे बघायला त्याला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी लताबाई बाजारात निघाल्या. चावी पदराला पुसली, आत घातली. ती पूर्ण आत जाईना आणि फिरेना. त्यांनी जोर केला नाही. त्या उतरल्या आणि अमोलला म्हणाल्या, "अरे, चावी अडतीये. बघ जरा."

आणि अमोलने बघितलं. म्हणजे काय केलं, तर चावीवर तळहाताचा रट्टा दिला. काडी आणखी आत गेली आणि थेट तळाशी जाऊन बसली. आता चावी जवळजवळ पूर्ण आत जायची, पण सगळ्या पत्र्या एका रेषेत काही येत नव्हत्या. एक पत्री काडीवर चढून बसायची. मी फिरणार कसा? माझ्या नियमाप्रमाणे मी फिरलो नाही.

"गेलं हे," अमोल म्हणाला. "किती जुनं झालंय, आई. झिजलं आतून."

झिजलं! कोणी झिजवलं? मी काय झिजलो होतो? आदल्या सकाळपर्यंत लोण्यासारखा फिरत होतो. स्वतः काडी कोंबायची आणि खापर माझ्या वयावर फोडायचं, हा कुठला न्याय?

त्यानंतर गल्लीतल्या सगळ्यांना अचानक कुलपांचं ज्ञान झालं. एकाने सांगितलं, खोबरेल तेल सोडा. बाथरूममधली बाटली आली आणि माझ्या तोंडात तेलाची धार लागली. मित्रांनो, डोक्याचं तेल डोक्याला लावावं! कुलपात ते गेलं की धूळ धरून ठेवतं आणि थंडीत थिजतं. काडी तेल पिऊन फुगली आणि आणखी घट्ट बसली. दुसऱ्याने सांगितलं, चावी पकडीने धरून पिळा. अमोलने पकड आणली. माझ्या लाडक्या चावीची मान वाकडी झाली. लाल फुलाची एक पाकळी उसवली. तिसरा म्हणाला, हातोडीने दोन ठोके मारा, आपोआप सुटतं. माणसाच्या घशात घास अडकला तर त्याच्या तोंडावर हातोडी मारतात का? त्याच्या पाठीवरून हात फिरवतात, तोंड उघडून बघतात. मला कोणी तोंड उघडून बघितलं नाही.

एकाने मात्र नीट सांगितलं होतं, की चाकं कठड्याला अडली असतील तर स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवा. ते अगदी खरं आहे, स्टेअरिंगचा ताण माझ्यावर आला की मी आवळला जातो. अमोलने तसंही केलं. पण काडी होती ना! नेमकं ते एकदा फसलं आणि मग माझी पुरती बदनामी झाली. सगळे उपाय करून झाले, आता हे कुलूपच मेलेलं आहे, असं ठरलं.

कुलूप मेलं म्हणजे गाडी मेली, हे अमोलने ठरवलं. एका संध्याकाळी तो आईशेजारी ओट्यावर बसला. गाडी तिथेच कडुनिंबाखाली उभी होती, म्हणून मी सगळं ऐकलं.

"आई, गाडी काढून टाकू. स्क्रॅपवाल्याशी बोललोय मी. धनत्रयोदशीच्या आत घेऊन जाईल तो."

लताबाईंच्या हातातली क्रोशाची सुई थांबली. "एका कुलपापायी?"

"कुलूप निमित्त झालं गं. गाडी जुनी झाली, आणि तुझंही वय झालं. हायवेला ट्रॅफिक काय असतं! मला टेन्शन येतं. तुला कुठे जायचं असेल तर मी सोडेन ना. नाहीतर कॅब बोलवू."

"तू सोडशील रे," लताबाई शांतपणे म्हणाल्या, "पण परत कधी निघायचं तेही तूच ठरवशील."

अमोल उठून घरात गेला. पण त्याने स्क्रॅपवाल्याला नको म्हणून सांगितलं नाही. मी मात्र तिथे बसल्या जागी संतापाने जळत होतो. एक बांबूची काडी! त्या काडीमुळे मी मेलेला ठरलो, माझ्यामुळे गाडी मेलेली ठरली, आणि गाडीबरोबर लताबाईही म्हाताऱ्या ठरल्या. कोणालाच कशाचीही तपासणी करावीशी वाटली नाही. जुनं आहे म्हटलं की सगळ्यांचं समाधान होतं.

त्याच आठवड्यात देवळ्याहून झुंबरदादांचा फोन आला. लताबाई फोन घेऊन गाडीत येऊन बसल्या. घरात बोलायचं नसलं की त्या तसं करतात. फोन स्पीकरवर होता.

"लता, तुनी गाडी चालू व्हयनी का?" दादांनी विचारलं. देवळ्याकडचे लोक अहिराणी बोलतात, आणि माहेरच्या माणसाशी लताबाईही तीच बोलतात.

"नई ना दादा. अमोल म्हणस, इकी टाकू."

"इकी टाकू?" गाडी विकायची हे दादांना पटेना. "मंग भाऊबीजले तू कशी येशी?"

"मी येसू दादा. कशी येसू ते माहीत नई, पन येसू."

"ये. मी वाट देखस."

फोन ठेवल्यावर लताबाईंनी चावी पदराला पुसली, वाकडी झालेली मान बोटांनी जरा सरळ केली आणि पुन्हा एकदा लावून बघितली. फिरली नाही. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुला काय झालंय रे?" दसऱ्यापासून मला हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस त्या होत्या. मला उत्तर माहीत होतं आणि तोंडात काडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लताबाईंनी कोणालाही न विचारता द्वारका चौकातल्या निजामभाईंना फोन करून बोलावलं. निजामभाई चाव्या बनवतात, मोटारींची कुलपं बसवतात. दिवाळीच्या तोंडावर त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ते आले, चावी घातली, काढली, टॉर्च मारला आणि लगेच ड्रिल मशीन बाहेर काढलं.

"मावशी, हे खतम आहे. किती तेल टाकलंय ह्याच्यात? आत चिखल झालाय सगळा. फोडून काढतो, नवीन टाकू. नवीन मिळालं तर."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर मग बटण लावून देतो बाहेरून. एकदम साधं काम आहे."

मला फोडणार! मित्रांनो, ड्रिलचं टोक माझ्या तोंडासमोर फिरायला लागलं. कुलपांचं काम करणारे म्हणून निजामभाईंना मी शहाणे समजत होतो, तेही घाईच्या माणसांतले निघाले. आणि तेवढ्यात फाटकाबाहेर गाडी ओढून नेणारा टेम्पो येऊन उभा राहिला. अमोलने त्याला आजचीच वेळ दिली होती. अमोल गोंधळून बाहेर आला. टेम्पोवाला खाली उतरला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "साहेब, स्टेरिंग तं लॉक हाय. असं नाय वळायचं. साखळीनं फरफटत न्यावं लागंल. नेऊ का?"

"आई, तू कुलूपवाल्याला कशाला बोलावलंस?" अमोल म्हणाला. "मी ह्यांना बोलावलंय ना."

"तुझे ते थांबतील थोडे," लताबाई म्हणाल्या. मग निजामभाईंना म्हणाल्या, "तुम्हीही थांबा जरा. फोडायच्या आधी मला एकदा लावून बघू दे."

"मावशी, दहा वेळा बघितलं तरी तेच."

"असू दे. फोडल्यावर काही बघता येणार नाही."

त्या आत बसल्या. चावी पदराला पुसली, घातली, हलकेच फिरवून बघितली, काढली. आणि सवयीने पुन्हा पदराला पुसली. पदराच्या टोकाला तेलाचा काळा डाग पडला. लताबाई तो झटकायला गेल्या आणि थांबल्या. पदर त्यांनी नाकाशी धरला. परत धरला.

"तेजल," त्यांनी हाक मारली, "इकडे ये. वास घे बरं."

तेजलने पदराचा वास घेतला. "खोबरेलचा आहे."

"आणखी?"

तेजलने पुन्हा वास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले. "केवडा?"

मी आतून जणू टाळ्याच वाजवल्या. लताबाईंनी मान वळवून अमोलकडे बघितलं.

"अमोल, आपल्या घरात केवडा कधीपासून लागतो?"

"मला काय माहीत? कंपनीतून तो पुडा आला होता दसऱ्याला, तेवढाच."

"दसऱ्याला ह्या गाडीची पूजा तू केलीस ना? उदबत्ती कुठे खोचलीस?"

अमोल दारातून आत वाकला. त्याची नजर डॅशबोर्डवरून फिरली, तुटलेल्या जाळीवर गेली आणि शेवटी माझ्यावर येऊन थांबली. त्याचे कान लाल झाले.

"दोन मिनिटंच खोचली होती," तो म्हणाला.

टेम्पोवाला खो खो हसायला लागला. निजामभाईंनी ड्रिल खाली ठेवलं आणि कपाळावर हात मारला. "आयला! मी चिखल समजून बसलो. काडी आहे काय आत?"

त्यांनी त्यांचा तारेचा आकडा आत घातला. तो जाड होता, काडीवरून घसरत होता. दुसरा घातला, तोही घसरला. तेव्हा लताबाई घरात गेल्या आणि त्यांची सगळ्यात बारीक क्रोशाची सुई घेऊन आल्या. पोलादाची, टोकाला नखाएवढाही नाही असा आकडा असलेली.

"आणा मावशी, मी काढतो," निजामभाई म्हणाले.

"नको. ह्या सुईला काय लागलं ते माझ्या बोटांना कळतं. तुम्ही उजेड धरा आणि आतलं मोडू नये म्हणून काय करायचं ते सांगा."

निजामभाईंनी टॉर्च धरला. "पत्र्या वरच्या अंगाला आहेत. खालून चला, मावशी. खालून. घाई नको."

घाई नको, हे ते स्वतः म्हणाले याचं मला हसू आलं. सुई अलगद आत आली. मित्रांनो, दसऱ्यापासून माझ्या तोंडात चावीशिवाय जे जे आलं होतं त्यात प्रेमाने आलेली ही पहिलीच वस्तू. तिने माझ्या एकाही पत्रीला दुखवलं नाही. ती तळाशी गेली, चाचपडली, जराशी फिरली आणि काडीच्या फुगलेल्या अंगात तिचा आकडा रुतला. मग टाक्यातून दोरा ओढावा तशी त्यांनी ती काडी हळूहळू बाहेर ओढली.

नखभर लांबीची, तेलाने काळी पडलेली, एका टोकाला मोडलेली काडी लताबाईंच्या तळहातावर पडली. सगळे वाकून बघायला लागले. एवढ्याशा काडीसाठी फाटकात टेम्पो उभा होता.

निजामभाईंनी मग माझं तोंड फवारा मारून स्वच्छ धुतलं, खोबरेलचा सगळा चिकटा काढला, आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकून आत सोडली. ती कोरडी असते, तिला धूळ धरत नाही. चावीची मान त्यांनी ठोकून सरळ केली.

"लावा मावशी. एका हाताने स्टेअरिंग हलवा."

लताबाईंनी चावी पुसली आणि लावली. स्टेअरिंग हलवलं. मी फिरलो! असा फिरलो की नवनाथरावांच्या काळातही कधी फिरलो नसेन. पण गाडी चालू झाली नाही. इतके दिवस उभी राहून बॅटरीच उतरली होती. आता यातही माझाच दोष काढतील म्हणून मी धसकलो.

"धक्का मारावा लागंल," टेम्पोवाला म्हणाला.

लताबाईंनी काच खाली केली. "अमोल, लाव हात."

अमोलने लावला, निजामभाईंनी लावला, आणि ज्याला गाडी भंगारात न्यायची होती त्या टेम्पोवाल्यानेही लावला. गल्लीतल्या सगळ्या कुलूपतज्ज्ञांच्या देखत गाडी पुढे सरकली. लताबाईंनी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. गाडी एकदा उडी मारून गुरगुरली आणि सुरू झाली. त्या थांबल्या नाहीत. चौकातून वळल्या, पाथर्डी फाट्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. तोवर टेम्पो निघून गेला होता.

भाऊबीजेला आम्ही देवळ्याला गेलो. झुंबरदादा ओट्यावर काठी घेऊन बसलेच होते. लताबाईंनी गाडी थेट त्यांच्या समोर आणून उभी केली. दादा सहसा रडत नाहीत, पण त्या दिवशी रडले. गाडीची चावी हातात घेऊन त्यांनी लाल फुलाकडे कितीतरी वेळ बघितलं.

ती काडी लताबाईंनी टाकून दिली नाही. गाडीच्या ॲशट्रेमध्ये ठेवली आहे. आमच्या घरात कोणी सिगारेट ओढत नाही, त्यामुळे ती तिथे सुखरूप आहे. अमोल अजूनही कधीतरी गाडीत बसल्यावर म्हणतो, "आई, आता तुझ्या वयाला..." लताबाई हात लांब करून ॲशट्रे उघडतात. अमोल वाक्य पुरं करत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं कुलूप असेल. जुनं शिलाई मशीन असेल, जुना रेडिओ असेल, जुनी माणसं असतील. ती कधी अडली तर जोर करू नका, वरून तेल ओतू नका, गल्लीचे सल्ले घेऊ नका. आधी विचारा, तुला काय झालं आहे? आणि खरोखर आत डोकावून बघा. आत काय अडकलं आहे ते बघितल्याशिवाय कोणालाही वयाचा शिक्का मारू नका. आमच्या वयाचा आम्हाला त्रास होत नाही. तुमच्या कोंबाकोंबीचा होतो. आणि हो, चावीच्या कुलपात चावीच घाला. एवढी साधी गोष्ट मला सांगावी लागते याची मला खरंच चीड येते.

यंदाचा दसरा नुकताच झाला. लताबाईंचा पाय मुरगळला होता, म्हणून त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या आणि पूजेचं ताट पुन्हा अमोलकडे आलं. पेटलेली उदबत्ती हातात घेऊन तो गाडीत डोकावला, तेव्हा माझ्या सगळ्या पत्र्या थरथरल्या. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. लताबाई ओट्यावरून बघत होत्या.

अमोल मागे फिरला, घरात गेला आणि अर्धा बटाटा घेऊन आला. तो बॉनेटवर पालथा ठेवून त्याने त्यात उदबत्ती खोचली. चंदनाची होती. मग तो आत येऊन बसला. लाल फुलाची चावी त्याने हातात घेतली, जरा थांबला, आणि आपल्या शर्टाच्या बाहीला पुसली. ओट्यावर लताबाईंनी मान दुसरीकडे वळवली आणि पदर डोळ्यांना लावला.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पण चावी पुसलेली होती. मी फिरलो.